गाडी दारात आली, पण आरसीवर नाव कोणाचं?

आज आपण जुन्या गाडीबद्दल बोलणार आहोत. जुनी म्हणजे दुसऱ्याने वापरलेली आणि आपण त्याच्याकडून थेट विकत घेतलेली. मग ती स्कूटी असो, मोटारसायकल असो, चारचाकी असो, नाहीतर भाजीची कॅरेट वाहणारा छोटा हत्ती असो.

अलीकडे गटांच्या बैठकींना गेलो की कर्जाच्या कारणांमध्ये शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला ‘जुनी गाडी’ हे कारण हमखास ऐकू येतं. त्यात नवल नाही. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. डेअरीवर दूध वेळेत पोचवायचं असतं, बाजाराच्या दिवशी माल न्यायचा असतं, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून ओळखीतल्या कोणाची तरी जुनी घेतली जाते. गाडी दारात येते, तिला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात.

मग आम्ही विचारतो, “आरसी बुकावर नाव कोणाचं आहे?”

इथे बैठक गप्प होते. एखादी म्हणते, “ते अजून आधीच्या मालकाचंच आहे.” दुसरी म्हणते, “कागद एजंटाकडे आहेत, तो करून देणार आहे.” तिसरी सांगते, “आम्ही स्टॅम्प पेपरवर नोटरी केलीय, मग कशाला काळजी?” आजचं बोलणं या तिघींसाठी आहे.

आपल्याला जमिनीचे कागद चांगले समजतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. शेत घेतलं, पैसे मोजले, पण सातबाऱ्यावर फेरफार झाला नाही, तर आपण स्वस्थ झोपतो का? तलाठ्याकडे खेटे घालतोच. गाडीचं आरसी बुक हा गाडीचा सातबारा समजा. फरक इतकाच, की जमिनीला निदान नोंदणी केलेलं खरेदीखत तरी असतं. गाडीला तसं काही नसतं. नोटरीचा कागद हा तुमच्या दोघांमधल्या व्यवहाराचा पुरावा आहे, तो जपून ठेवावा. पण त्या कागदाने आरटीओच्या दप्तरातलं नाव बदलत नाही. आणि पोलीस, विमा कंपनी, न्यायालय हे सगळे बघतात ते दप्तरातलं नाव.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम ५० मध्ये गाडी विकल्यावर कोणी काय करायचं ते लिहिलं आहे. राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यायची. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत, आपण जिथे राहतो तिथल्या आरटीओकडे अर्ज करायचा. म्हणजे जबाबदारी दोघांवरही आहे. ‘गाडी त्याने घेतली, नाव तोच करून घेईल’ असं म्हणून विकणाऱ्याला मोकळं होता येत नाही.

विकणारीचं काय बिघडतं, ते आधी बघू. कारण घेणारीला निदान थोडी तरी धाकधूक असते. विकणारी मात्र पैसे मोजून घेते आणि विसरून जाते.

सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. त्याचा निकाल फेब्रुवारी २०१८ मध्ये लागला. एका माणसाने २००७ साली आपली गाडी विकली. ज्याने घेतली त्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ साली त्या गाडीने अपघात केला आणि त्यात जीव गेला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? उच्च न्यायालय म्हणालं, गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याने. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. कायद्यात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. अपघातात माणूस गमावलेल्या घराने गाडी किती हातांतून फिरली याचा शोध घेत बसायचं का, असा त्या निकालाचा रोख आहे. भरपाईची जबाबदारी आली ती दोन वर्षांपूर्वी गाडी विकून बसलेल्या पहिल्या माणसावर.

आम्हाला हा निकाल कठोर वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. ज्या बाईचा नवरा रस्त्यावर गेला, तिने दार कोणाचं ठोठवायचं? दप्तरात ज्याचं नाव, त्याचंच.

आता हे आपल्या घरात आणून बघा. तुम्ही तुमची स्कूटी शेजारच्या गावातल्या एकाला विकली. नाव बदललं नाही. त्याच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने ती रस्त्यावर काढली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १९९ अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतात. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या नकळत झालं, हे पटवून देण्याचं काम मालकाचं. म्हणजे तुमचं. तारखांना तुम्ही जायचं, वकील तुम्ही करायचा. बिनहेल्मेटची, सिग्नल तोडल्याची चलनं तर तुमच्या मोबाइलवर येत राहतीलच.

घेणारीचं नुकसान वेगळं आहे, आणि ते जास्त करून विम्यात लपलेलं असतं. इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण हा भाग एजंट कधी सांगत नाही.

गाडीच्या विम्यात साधारण तीन कप्पे असतात. पहिला कप्पा दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात. हा कायद्याने सक्तीचा आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की विम्याचा हा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. तरीही नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून आपलं नाव लावून घ्यायचं असतं.

दुसरा कप्पा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गाडी चोरीला गेली, पुरात वाहून गेली, झाडाखाली चेपली, तर पैसे इथून मिळतात. हा भाग आपोआप येत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी तुमची, आणि गाडी चोरीला गेली. कंपनी म्हणेल, बाई, आमचा तुमच्याशी करारच नाही. जुना मालक म्हणेल, गाडी मी विकली, माझं काय नुकसान झालं? दोन्ही दारं बंद.

तिसरा कप्पा मालक स्वतः गाडी चालवत असताना त्याला अपघात झाला तर. २०१८ पासून हे कवच १५ लाखांचं झालं आहे. मरण आलं तर घरच्यांना १५ लाख. पण हे कवच कोणाचं? आरसीवर आणि पॉलिसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचं. तुमच्या घरातला कर्ता माणूस दुसऱ्याच्या नावावरच्या मोटारसायकलवरून गेला, तर ते १५ लाख मागायला तुम्हाला जागा नाही. नाव बदलायला लागणारे काही शेकडे वाचवले म्हणून असं होऊ शकतं.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या मालकाने बरीच वर्षं क्लेम केला नसेल तर त्याला हप्त्यात सूट मिळत असते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती सूट माणसाची असते, गाडीची नाही. ती तुमच्याकडे येत नाही. त्यामुळे नाव लावताना विमा कंपनीने फरकाचे पैसे मागितले तर ती फसवणूक नसते.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते बघू. पैसे देण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे.

गाडीचा नंबर घ्या आणि घरातल्या कोणाच्याही मोबाइलवर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकून बघा. गाडी कधी नोंदली, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का, कर्ज आहे का, हे तिथे दिसतं. चलनं थकलेली आहेत का तेही बघून घ्या. मग गाडीजवळ जा. आरसीवर चेसी नंबर आणि इंजिन नंबर छापलेला असतो. गाडीवर कोरलेले नंबर त्याच्याशी अक्षर-अक्षर जुळले पाहिजेत. नंबर घासलेला, खरवडलेला, परत ठोकलेला वाटला तर विसार देऊ नका, मग विकणारा सख्ख्या भावकीतला असला तरी. आधी पक्कं करून घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून चौदा वर्षांची स्कूटी पंधरा हजारांत मिळाली तर ती पंधरा हजारांची नाही, हे हिशेबात धरा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

आता कर्ज. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर सातबाऱ्यावर बोजा असावा तसं ते आहे. विकणारा म्हणेल, “कर्ज कधीच फिटलंय.” फिटलं असेल. पण कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. तो दिल्याशिवाय, किंवा बँकेने लेखी संमती दिल्याशिवाय, गाडी तुमच्या नावावर होणार नाही. आणि कर्ज फिटलंच नसेल, तर उद्या वसुलीवाले गाडी तुमच्या दारातून उचलतील. पैसे तुम्ही दिलेत याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. त्यामुळे बोजा असलेल्या गाडीचा व्यवहार करायचाच असेल तर विकणाऱ्याला घेऊन बँकेत जा, बाकी किती ते विचारा आणि पैसे थेट त्या कर्जखात्यात भरा.

हे सगळं जमलं की फॉर्म. गाडीच्या नावबदलाचे दोन फॉर्म आहेत, २९ आणि ३०. आपल्याकडे त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. फॉर्म २९ हा विकणाऱ्याने आरटीओला दिलेली खबर, की माझी गाडी मी अमक्याला अमक्या तारखेला विकली. फॉर्म ३० हा नाव बदलून मागणारा अर्ज. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. जोडीला आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, घेणारीच्या पत्त्याचा पुरावा, फोटो, पॅन कार्ड, आणि पॅन नसेल तर फॉर्म ६०. चेसी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसाही मागतात. अर्ज ‘परिवहन’ या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. स्वतःला जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून भरून घ्या. मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून विकणाऱ्याचा मोबाइल नंबर आरसीला आणि आधारला जोडलेला आहे ना, हे व्यवहार ठरतानाच विचारून ठेवा. पुष्कळ कामं या एका कारणाने महिनोन्‌महिने लटकतात. दहा वर्षांपूर्वीचा नंबर असतो, सिम कधीच बंद झालेलं असतं.

फी फार नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे नावबदलाची फी नव्या नोंदणीच्या फीच्या निम्मी असते. कार्डाचे आणि टपालाचे पैसे वेगळे. दुचाकीसाठी हे काम काही शेकड्यांत होतं. एजंट तीन-चार हजार सांगत असेल तर त्यातली सरकारी फी किती, हे विचारायला लाजू नका. पावतीवर आकडा छापलेला असतो. एजंट धरूच नये असं आम्ही म्हणत नाही. आरटीओ चाळीस-पन्नास किलोमीटर लांब असेल तर रोज बुडवून कोण दोनदा जाईल? पण एजंटाला पैसे दिले म्हणजे काम झालं, असं समजू नका. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक त्याच्याकडून घ्या. त्या क्रमांकावरून काम कुठे आहे ते तुम्हाला घरबसल्या कळतं.

आता कोऱ्या फॉर्मबद्दल. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. विकणारा २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून देतो, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवतो आणि म्हणतो, “नाव तुमचं तुम्ही टाका.” घेणाऱ्यालाही ते सोयीचं वाटतं, कारण सहा महिन्यांनी चार पैसे जास्त आले तर तो गाडी पुढे विकणार असतो आणि मधली फी वाचणार असते. जुन्या गाड्यांचा धंदा करणारे कित्येक जण वर्षानुवर्षं याच सह्यांवर गाड्या फिरवत आले. म्हणून तर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आता जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरून तशी खबर आरटीओला जाते, आणि तिथून पुढे त्या गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याची. तेव्हा गाडी व्यापाऱ्याला देत असाल तर आधी अधिकारपत्र बघायला मागा आणि फॉर्म २९ सी भरल्याशिवाय किल्ली देऊ नका. गावातल्या माणसाला विकत असाल तर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख तुमच्या डोळ्यांसमोर लिहिली जाऊ द्या. कोऱ्या चेकवर आपण सही करत नाही, मग इथे का करायची?

ज्या दिवशी गाडी देता-घेता त्या दिवशी एक साधी ताबा पावती करा. कागद कोराच पुरे. गाडीचा नंबर, चेसी नंबर, किंमत, पैसे कसे दिले, तारीख आणि वेळसुद्धा. वेळ कशासाठी? सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी तीनला तिने कोणाला उडवलं, तर ते चार तास महत्त्वाचे ठरतात. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आधारच्या प्रती. पैसे शक्यतो बँकेतून द्या. आणि घेणारी असाल तर सगळी रक्कम एकदम देऊ नका. थोडी रक्कम नाव बदलल्याची पावती हातात पडेपर्यंत राखून ठेवा आणि तसं पावतीत लिहा. खरा माणूस याला नाही म्हणत नाही.

परराज्यातल्या गाडीचं थोडं वेगळं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांतल्या मैत्रिणींना केए नंबरच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. स्वस्त का असतात ते समजून घ्या. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणावी लागते. विकणाऱ्याला त्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा सगळा खर्च किमतीत मिळवा, मग स्वस्त आहे का ते ठरवा.

मालाच्या गाडीबद्दल दोन शब्द. छोटा हत्ती पिवळ्या पाटीचा असतो. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. फिटनेस संपलेली गाडी उभी असते म्हणून स्वस्तात मिळते. ती चालू करायला काय लागेल, ते मेकॅनिकला विचारल्याशिवाय गटात ठराव करू नका.

आणि आता जे बोलायला आम्ही मुद्दाम थांबलो होतो ते. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची?

कर्ज गटाचं. सही तुमची. हप्ता तुम्ही दुधाच्या पगारातून, पापडाच्या पैशातून भरता. मग आरसीवर नाव धन्याचं, दिराचं नाहीतर थोरल्या पोराचं का लागतं? विचारलं की उत्तर मिळतं, “मला कुठं गाडी चालवता येते?” किंवा “माझ्याकडे लायसन्स नाही.” मैत्रिणींनो, गाडी चालवायला लायसन्स लागतं, गाडीची मालकीण व्हायला लागत नाही. लायसन्स नसेल तर ते १५ लाखांचं मालक-चालक कवच तुम्हाला मिळत नाही इतकंच, कारण ते कवच मालक स्वतः चालवत असेल त्यासाठीच असतं. म्हणून घरात नेहमी चालवणारा कोण, हेही बघून ठरवा. पण ठरवा. सवयीने होऊ देऊ नका. नाव तुमचं असेल तर तुमच्या सहीशिवाय ती गाडी विकली जाणार नाही. रागाच्या भरात किंवा कोणाच्या उधारीपोटी ती परस्पर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहणार नाही. मात्र मालकीण झालात की मघाशी सांगितलेली मालकाची जबाबदारीही तुमचीच. विमा संपू द्यायचा नाही, बिनलायसन्सच्या हातात किल्ली द्यायची नाही. पोटच्या पोराच्याही नाही.

नाव धन्याचंच असेल तरी एक काम करता येतं. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं, म्हणजे नॉमिनीचं नाव लावता येतं. नव्या गाडीलाही आणि आधीपासून असलेल्या गाडीलाही. मालक गेला तर त्या नावाच्या व्यक्तीकडे गाडी करून घेणं सोपं जातं. घरात मृत्यू झाल्यावर पंधरवड्यात मोटारसायकल कोण घेऊन गेलं याचा पत्ता लागत नाही, असं आम्ही पाहिलं आहे. कायदा सांगतो, मालक गेल्यावर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, मग तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाने नाव लावून घ्यायचं. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून गटातल्या एखादीने आठवण करून द्यावी.

हे बोलणं रेडिओवरून गेल्यावर काही फोन आले. त्यातले तीन प्रश्न इथे घेतो.

एका ताईंनी विचारलं, “स्कूटी तीन वर्षांपूर्वी विकली, कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली, घेणाऱ्याने नाव बदललं नाही. आता काय?” ताई, आधी त्या माणसाला गाठा आणि अर्ज भरायला लावा, फी तुम्हाला भरावी लागली तरी भरा. तो टाळत असेल तर आरटीओला लेखी अर्ज द्या. गाडी कोणाला, कधी, किती रुपयांना दिली ते लिहा, असतील ते पुरावे जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. या अर्जाने नाव बदलत नाही. पण तुम्ही कळवलं होतं याची नोंद राहते.

दुसरा प्रश्न, “ज्याच्याकडून मोटारसायकल घेतली त्याचं नावही आरसीवर नाही. आरसीवरचा मालक तिसराच आहे.” मग तो तिसरा शोधावाच लागेल, कारण सही आणि ओटीपी त्याचा लागतो. तो वारला असेल तर त्याच्या वारसांच्या नावावर आधी गाडी व्हायला हवी, मग तुमच्या. ज्याला पैसे दिलेत त्याच्यामागे लागा, त्याच्याकडून हे करून घ्या. आणि तोपर्यंत त्या गाडीवर कोणाला लांब पाठवू नका.

तिसरा प्रश्न सोपा होता. “फी भरली, कागद जमा केले, नवं कार्ड अजून आलं नाही, तोवर पोलिसांनी अडवलं तर?” अर्जाची पावती जवळ ठेवा. नाव बदललं की ते एमपरिवहन आणि डिजिलॉकरमध्ये दिसायला लागतं, आणि तिथली आरसी मोबाइलवर दाखवली तरी चालते. कार्ड टपालाने अर्जातल्या पत्त्यावर येतं. गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात, तेव्हा पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कार्ड परत जातं आणि पुन्हा आरटीओची वारी होते. हातात आलं की नावाचं स्पेलिंग आणि चेसी नंबर तिथल्या तिथे ताडून बघा, बोजाच्या जागी जुन्या बँकेचं नाव राहिलेलं नाही ना तेही बघा, आणि त्याची एक झेरॉक्स घेऊन विमा कंपनीकडे जा.